शिराजचे जॉर्जियन खान : ‘गुलाम’ घराणं इराणच्या दरबारात मोठं कसं झालं आणि एका हिवाळ्यात संपलं कसं

जुलै 2021 मध्ये भारताचे परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर जॉर्जियाच्या राजधानीत, तिबिलिसीला गेले, तेव्हा त्यांनी तिथल्या लोकांच्या हाती एक हाड सोपवलं. ते जुन्या गोव्यातल्या सेंट ऑगस्टीनच्या पडक्या मठात सापडलं होतं आणि जॉर्जियाच्या राणी केतेवानचं होतं. बातमी आपल्याकडेही आली. वाचणारे मात्र बुचकळ्यात पडले. राणी जॉर्जियाची, मेली इराणात, आणि हाड गोव्यात?

याहून मोठं कोडं बातमीत नव्हतं. केतेवानला 1624 मध्ये इराणातल्या शिराज शहरात हालहाल करून मारलं. त्या वेळी शिराजचा कारभार ज्याच्या हाती होता तो इमामकुली खान स्वतः जॉर्जियन घराण्यातला होता. त्याचा बाप अल्लाहवर्दी खान जॉर्जियात ख्रिस्ती म्हणून जन्मला आणि लढाईत पकडला जाऊन इराणात आला. ‘शाहाचा गुलाम’ हा त्याचा हुद्दा होता. असा माणूस इराणच्या सर्वात श्रीमंत प्रांतांपैकी एकाचा धनी कसा होतो, आणि आपलं पद मुलाला कसं देऊन जातो, हे कळलं की राणीच्या हाडाचा प्रवासही कळतो.

आधी नकाशा

जॉर्जिया म्हणजे काळा समुद्र आणि कास्पियन समुद्र यांच्यामधला डोंगराळ देश. 16 व्या शतकात तिथे एक राजा नव्हता. पूर्वेला कार्तली आणि काखेती ही दोन ख्रिस्ती राज्यं होती, पश्चिमेला आणखी काही. पश्चिमेकडून ओस्मानी तुर्क आणि दक्षिणेकडून सफवी इराण अशा दोन बड्या सत्तांच्या कात्रीत हा मुलूख सापडला होता. सफवी म्हणजे 1501 मध्ये इराणची गादी घेऊन शिया पंथ राजधर्म करणारं राजघराणं.

या घराण्यातला शाह तहमास्प जॉर्जियावर वारंवार चालून गेला. प्रत्येक स्वारीतून सोनंनाणं आलं, त्याहून जास्त माणसं आली. स्त्रिया जनानखान्यात गेल्या, मुलगे शाही चाकरीत. उंदिलाद्झे आडनावाच्या घरातला एक मुलगा असाच इराणात पोहोचला. त्याला मुसलमान करून नवं नाव दिलं, अल्लाहवर्दी. तुर्की भाषेत त्याचा अर्थ ‘अल्लाहने दिलेला’, आपल्याकडच्या देवदत्तासारखा.

‘गुलाम’ म्हणजे नेमकं काय?

इथे मराठी वाचकाची हमखास फसगत होते, कारण शब्द आपल्या ओळखीचा आहे. गुलाम म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे शेतात राबणारा, बाजारात विकला जाणारा माणूस येतो. सफवी दरबारातला गुलाम तसा नव्हता. तो शाहाचा वैयक्तिक चाकर होता. हाती तलवार, अंगावर रेशीम, पगार शाहाच्या खजिन्यातून. त्याला बायको, घर, जमीन, नोकरचाकर, सगळं मिळू शकत होतं. एकच गोष्ट मिळत नव्हती, ती म्हणजे शाहाखेरीज दुसरा आधार.

गुलाम घडवण्याची रीत ठरलेली होती. लहान वयातला मुलगा घरापासून तोडायचा. धर्म बदलायचा, नाव बदलायचं. फारसी, तुर्की, घोडेस्वारी, धनुर्विद्या, दरबारी रीतिरिवाज शिकवायचे. मग कोणी शाहाच्या पाठीशी उभं राहून पहारा करायचा, कोणी शिकारीत सोबत, कोणी कोठारावर. वर्षं जातील तशी निष्ठा तोलायची आणि पुढची पायरी द्यायची. जॉर्जियनांबरोबर आर्मेनियन आणि कॉकेशसच्या डोंगरातले चेर्केस मुलगेही या रांगेत होते.

नावांतसुद्धा हे नातं कोरलेलं असे. ‘कुली’ या तुर्की शब्दाचा अर्थ दास. इमामकुली म्हणजे इमामाचा दास. गोवळकोंड्याच्या मुहम्मद कुली कुतुबशाहाच्या नावातला ‘कुली’ तोच. गुलामांच्या फौजेच्या सरदाराला ‘कुल्लर आगासी’ म्हणत, म्हणजे दासांचा प्रमुख. हे पद फार मोठं होतं, आणि ते सांगताना कोणाला लाज वाटत नव्हती.

शाहाला घरचे सरदार सोडून परके कशाला हवे होते?

सफवी घराण्याला गादीवर बसवलं ते तुर्कमान टोळ्यांनी. बारा इमामांच्या स्मरणार्थ बारा पट्ट्यांची लाल टोपी घालत, म्हणून त्यांना ‘किझिलबाश’, म्हणजे ‘लाल डोक्याचे’, असं नाव पडलं. घोडदळ त्यांचं, प्रांतही त्यांचे. एकेका टोळीचा अमीर एकेक प्रांत धरून बसे, तिथला महसूल वसूल करे, त्यातूनच आपली फौज पोसे. शाहाने लढाईला बोलावलं की यायचं. यायचं की नाही, हे मात्र बरंचसं अमीराच्या मर्जीवर.

यात काय बिघडतं ते तहमास्पचा नातू शाह अब्बास याने लहानपणीच पाहिलं. 1579 मध्ये किझिलबाश अमीरांनी राजवाड्यात शिरून त्याच्या आईचा जीव घेतला. 1586 मध्ये थोरल्या भावाचा खून झाला. 1587 मध्ये सोळा वर्षांच्या अब्बासला गादीवर बसवलं तेही मुर्शिदकुली खान या किझिलबाश अमीरानेच, आणि सत्ता स्वतःकडे ठेवली. दोन वर्षांच्या आत अब्बासने त्याला मारवलं.

टोळीच्या सरदाराला दुखवलं तर टोळी उठते. त्याला काढलं तर त्याचा पुतण्या जागा मागतो. गुलामाचं तसं नाही. त्याचं गाव हजार कोस दूर, भाऊबंद दुसऱ्या धर्माचे, मागे उभी राहणारी टोळी नाही. शाहाने हात काढला की तो उघडा पडतो. म्हणून तो शाहाला सोडणार नाही, असा हा हिशेब होता. अब्बासने गुलामांची घोडदळाची फौज वाढवून सुमारे 10 ते 15 हजारांवर नेली, जोडीला बंदूकधारी आणि तोफखाना उभा केला. त्याच्या कारकिर्दीच्या अखेरीस राज्यातल्या वरच्या पदांपैकी सुमारे एक पंचमांश पदं गुलामांकडे होती.

पण या फौजेचा पगार यायचा कुठून?

कळीचा प्रश्न हाच आहे, आणि राजा-राण्यांच्या गोष्टींत तो गळून जातो.

इराणातल्या जमिनीचे मोटामोटी दोन हिशेब होते. एक अमीरांकडे दिलेले प्रांत. तिथला महसूल तिथेच खर्च व्हायचा, शाहाकडे फक्त नजराणे यायचे. दुसरा ‘खासा’, म्हणजे शाहाची स्वतःची मिळकत. तिथे शाहाने नेमलेला वजीर बसे आणि वसूल थेट शाही खजिन्यात जाई. आपल्याकडे होळकरांच्या कारभारात ‘दौलत’ आणि ‘खासगी’ असे वेगळे हिशेब होते, ते आठवलं की ही विभागणी पटकन लक्षात येते. ‘खासगी’ आणि ‘खासा’ हे शब्दही एकाच मुळाचे.

गुलामांना रोख पगार द्यायचा तर खासा वाढवायला हवा. म्हणून अब्बास एकेक प्रांत अमीरांकडून काढून खासा करत गेला. याचे तोटेही होते. अमीर आपला प्रांत मुलांना द्यायचा म्हणून थोडा तरी जपून वापरायचा. वजिराची बदली कधीही होणार, मग तो मिळेल तेवढं पिळून घ्यायचा. शिवाय खासा झालेल्या प्रांतात अमीराची फौज उरत नसे, त्यामुळे सीमेवर संकट आलं की जागेवर लढायला माणसं कमी पडत.

सीमेवरच्या, समुद्राकाठच्या मोठ्या प्रांतांना ही भीती सर्वात जास्त. तिथे अब्बासने मधला मार्ग काढला. प्रांत खासा न करता गुलामालाच तिथला ‘बेगलरबेगी’ नेमायचं. आपल्या ओळखीचा शब्द वापरायचा तर सुभेदार. फौज राहील, महसूल राहील, आणि माणूस शाहाचा असेल. असा पहिला मोठा गुलाम सुभेदार झाला अल्लाहवर्दी खान.

अल्लाहवर्दीची शिडी

1589 च्या सुमारास तो इस्फहानजवळच्या गोलपायगानचा हाकीम, म्हणजे तिथला कारभारी झाला. जागा लहान होती. 1595-96 मध्ये तो फार्सचा सुभेदार झाला आणि किझिलबाश अमीरांच्या बरोबरीने बसू लागला. तोपर्यंत एकाही गुलामाला हा मान मिळाला नव्हता. त्याच सुमारास गुलामांच्या फौजेचं प्रमुखपदही त्याला मिळालं. फार्स म्हणजे शिराज शहराभोवतीचा, इराणच्या नैर्ऋत्येचा प्रांत. ‘फारसी’ हे भाषेचं नावच त्यावरून पडलं. लवकरच शेजारचा कोहगिलूये हा डोंगराळ, बंडखोर टोळ्यांचा मुलूखही त्याच्याकडे आला.

1598 मध्ये हेरातजवळ उझबेकांचा पराभव झाला त्या लढाईत तो होता. 1601-02 मध्ये त्याने लारचं जुनं संस्थान जिंकलं आणि लगोलग बाहरीन घेतलं. बाहरीन तोवर पोर्तुगिजांच्या छत्राखालच्या होर्मुझच्या राजाकडे होतं. म्हणजे गोव्याच्या पोर्तुगिजांशी या घराण्याची गाठ पहिल्यांदा पडली ती इथे.

इस्फहानला गेलेल्या कोणालाही त्याचं काम आजही दिसतं. झायंदेरूद नदीवरचा ‘सी-ओ-से पोल’, म्हणजे तेहतीस कमानींचा पूल, त्याच्या देखरेखीखाली 1602 च्या सुमारास पुरा झाला. त्याचं दुसरं नावच अल्लाहवर्दी खानाचा पूल. लांबी जवळजवळ 300 मीटर. खाली दगडी पाये, वर विटांच्या कमानी. मधून रस्ता जातो आणि दोन्ही कडांना उंच भिंती आहेत. भिंतीपलीकडे पायी चालणाऱ्यांसाठी झाकलेली वाट आहे, म्हणजे घोडे-उंटांची गर्दी एकीकडे आणि माणसं सावलीत दुसरीकडे. पकडून आणलेल्या मुलाच्या नावाचा हा पूल अब्बासच्या नव्या राजधानीच्या मुख्य रस्त्याला नदीपार नेतो. त्या दरबारात त्याची जागा काय होती हे यावरून कळतं.

जून 1613 मध्ये तो इस्फहानमध्ये वारला. शाह अब्बास अंत्यविधीच्या तयारीला स्वतः हजर राहिला आणि घरच्यांच्या सांत्वनाला त्याच्या घरी गेला. मशहदला इमाम रझांच्या दर्ग्याच्या आवारात त्याला पुरलं. त्याची जागा त्याच्या मुलाला, इमामकुलीला मिळाली.

इथे क्षणभर थांबून बघायला हवं. गुलामांची सगळी योजना उभी होती ती ‘यांना वारसा नाही’ या एका खांबावर. पहिल्याच मोठ्या गुलामाचा प्रांत मुलाकडे गेला आणि त्या खांबाला पहिली भेग पडली. अब्बासला ते दिसलं नसेल असं मला वाटत नाही. घडी बसलेला प्रांत, लढाऊ फौज आणि अंगवळणी पडलेला कारभार मोडण्यापेक्षा मुलाला देणं त्याला त्या घडीला सोयीचं होतं.

इमामकुली खान आणि होर्मुझचं पाणी

इमामकुलीने बापाचा प्रांत आणखी वाढवला. फार्स, लार, कोहगिलूये, बाहरीन आणि पुढे होर्मुझ, असा पर्शियन आखाताचा जवळजवळ सगळा इराणी काठ त्याच्याकडे आला. बापाने सुरू केलेला शिराजमधला मदरसा त्याने 1615 मध्ये पुरा केला. आज तो ‘मदरसा-ए-खान’ म्हणून ओळखला जातो. थोर तत्त्वज्ञ मुल्ला सद्रा तिथे शिकवत होते. त्याच्या थाटामाटाची एक गोष्ट लोक सांगत : शाह अब्बास त्याला म्हणाला, ‘माझ्यापेक्षा एक दिरहम तरी कमी खर्च करत जा, म्हणजे शाहात आणि खानात काही फरक राहील.’ गोष्ट खरी असो नसो, ती सांगितली जात होती यातच सगळं आलं.

त्याचं सर्वात मोठं काम 1622 चं. होर्मुझ हे आखाताच्या तोंडावरचं लहानसं बेट. 1515 पासून ते पोर्तुगिजांच्या पक्क्या ताब्यात होतं. अरबी घोडे, रेशीम, मोती, मसाले अशा सगळ्या मालावर तिथे जकात पडे आणि तो पैसा गोव्याहून चालणाऱ्या पोर्तुगीज राज्याला पोसत असे. विजयनगर आणि दख्खनच्या सुलतानांकडे जाणारे घोडेही याच वाटेने गोव्याला उतरत.

पण बेट मिठाचं. गोड्या पाण्याच्या विहिरी जवळजवळ नाहीतच. पावसाचं पाणी टाक्यांत साठवायचं आणि बाकीचं शेजारच्या केश्म बेटावरून होडीने आणायचं. म्हणून पोर्तुगीज कप्तान रुय फ्रेइरे द अंद्राद याने 1621 मध्ये केश्मवर विहिरींजवळ गढी बांधली. इमामकुलीला ही नस कळली. केश्म घेतलं की होर्मुझ तहानेने व्याकूळ होणार.

अडचण एकच, इराणकडे लढाऊ जहाजं नव्हती. ती सुरतेहून व्यापार करणाऱ्या इंग्रज कंपनीकडे होती. इंग्लंडचं तेव्हा पोर्तुगालशी युद्ध चालू नव्हतं, त्यामुळे इंग्रज कप्तान कचरत होते. इमामकुलीने त्यांची दुसरी नस दाबली. मदत केली नाही तर तुमच्या रेशमाच्या व्यापाराचं काही खरं नाही. मग करार झाला. लूट निम्मी-निम्मी, पुढची जकात निम्मी-निम्मी, आणि इंग्रजांच्या मालाला जकात माफ.

फेब्रुवारी 1622 च्या सुरुवातीला केश्म पडलं. उत्तरेच्या बर्फाळ समुद्रातून आशियाकडे जायचा मार्ग शोधणारा विल्यम बॅफिन हा खलाशी याच वेढ्यात मारला गेला. मग होर्मुझ. इंग्रजांच्या तोफांनी बंदरातली पोर्तुगीज जहाजं फोडली आणि बाहेरून मदत येऊ दिली नाही. इराणी फौजेने तटाखाली सुरुंग खणून दारू भरली आणि तट उडवला. आत रोगराई पसरली, पाणी संपत आलं. एप्रिलच्या अखेरीस किल्ला शरण आला.

होर्मुझचा व्यापार समोरच्या किनाऱ्यावर गोम्ब्रूनला गेला. त्या बंदराला शाहाचं नाव मिळालं, बंदर अब्बास. इंग्रजांना निम्मी जकात कागदावर मिळाली, पण पुरी कधीच हाती येत नाही अशी तक्रार ते वर्षानुवर्षं करत राहिले. गोव्याला बसलेला फटका मोठा होता. पोर्तुगीज मस्कतला सरकले, पण होर्मुझची कमाई परत आली नाही.

‘जॉर्जियन होता, तर केतेवानला वाचवलं का नाही?’

हा प्रश्न सगळेच विचारतात, आणि तो रास्त आहे.

केतेवान काखेतीच्या राजघराण्यातली विधवा राणी. तिचा मुलगा तेइमुराझ काखेतीचा राजा. 1614 मध्ये अब्बास काखेतीवर चालून येत होता, तेव्हा बोलणी करायला आणि ओलीस म्हणून ती नातवंडांसह शाहाकडे गेली. बोलणी फिसकटली. पुढच्या तीन-चार वर्षांत अब्बासने काखेती उजाड केली. दरबारी इतिहासकार इस्कंदर बेग मुन्शीच्या आकड्यांनुसार एक लाखाहून अधिक माणसं धरून इराणात नेली. त्यांतल्या काहींचे वंशज आजही इस्फहानच्या पश्चिमेला फरेदूनशहरच्या डोंगरात राहतात आणि घरी जॉर्जियन बोलतात.

राणीला शिराजला ठेवलं. म्हणजे ती सुमारे दहा वर्षं या घराण्याच्या शहरात कैदेत होती. तिच्या दोन्ही नातवांना खच्ची केलं, पुढे ते मेले. तेइमुराझ शरण येईना, कधी ओस्मानींकडे, कधी रशियाकडे मदत मागत राहिला. अखेर शाहाचा हुकूम आला : धर्म बदल, नाहीतर मर. सप्टेंबर 1624 मध्ये तापवलेल्या सांडशांनी डागून तिला मारलं. तिने धर्म सोडला नाही. जॉर्जियन चर्च तिला हुतात्मा आणि संत मानतं.

इमामकुलीपुढे वाट कोणती होती? हुकूम मोडायचा तर बंड करायचं. बंड करायचं तर मागे कोणीतरी हवं. त्याची सगळी सत्ता ‘शाहाचा माणूस’ या एका ओळखीवर उभी होती, आणि ती ओळख सोडली की दुसऱ्या दिवशी किझिलबाश अमीरच त्याच्यावर चालून आले असते. गुलामाची परीक्षा नेमकी अशाच ठिकाणी घेतली जाते, जिथे त्याचं जुनं रक्त आणि नवा धनी समोरासमोर येतात. यामुळे त्याचा दोष कमी होतो असं मी म्हणणार नाही. एका म्हाताऱ्या बाईचा त्याच्या अखत्यारीत छळ झाला. पण अब्बासला असाच माणूस शिराजमध्ये हवा होता, हे समजून घ्यायला हवं.

‘गोव्यातलं हाड तिचंच कशावरून?’

शिराजमध्ये तेव्हा पोर्तुगीज ऑगस्टिनियन पाद्री नुकतेच आले होते. त्यांनी राणीचा मृतदेह गुपचूप उकरून काढला. काही अवशेष तेइमुराझकडे जॉर्जियात गेले. काही 1627 मध्ये गोव्याला आले आणि ऑगस्टिनियन मठात ठेवले गेले. ‘चॅप्टर चॅपल’ या मठातल्या छोट्या प्रार्थनागृहात दुसऱ्या खिडकीपाशी, काळ्या दगडी पेटीत, असं पोर्तुगीज कागदपत्रांत लिहिलं होतं. 1835 मध्ये मठ बंद पडला, 1842 मध्ये छत कोसळलं. आज 46 मीटर उंचीचा अर्धा मनोरा उभा आहे तो याच मठाचा.

भारतीय पुरातत्त्व खात्याने कागदपत्रांवरून खिडकी नक्की केली आणि 2004 च्या सुमारास तिथे हाडं मिळाली. हैदराबादच्या पेशी व रेणू जीवशास्त्र केंद्राने त्यांचा डीएनए तपासला, तोही फक्त आईकडून मुलांना मिळणारा. बापाचं आडनाव पिढ्यान्‌पिढ्या पुढे जातं ना, तसं हे आईचं आडनाव समजा. एका हाडाचं हे ‘आडनाव’ यू-वन-बी गटाचं निघालं. भारतीय उपखंडातल्या 22 हजारांहून अधिक लोकांच्या नमुन्यांत ते एकदाही सापडलं नाही. 30 जॉर्जियनांच्या नमुन्यांत ते दोघांकडे होतं. शेजारी सापडलेली दुसरी दोन हाडं मात्र भारतात सर्रास आढळणाऱ्या गटांची होती.

डीएनएने ‘ही केतेवानच’ असं सांगितलं नाही. ‘हे हाड इथल्या माणसाचं नाही आणि जॉर्जियनाचं असू शकतं’ एवढंच सांगितलं. कागदावर लिहिलेली जागा आणि सापडलेली जागा एक निघाली, म्हणून त्याला वजन आलं. एकटा कुठलाही पुरावा पुरेसा नव्हता.

‘मग हा मलिक अंबरच झाला की!’

तुलना मनात येणारच. हबशी गुलाम म्हणून दख्खनमध्ये आलेला मलिक अंबर त्याच काळातला. तो 1626 मध्ये वारला, म्हणजे अल्लाहवर्दीनंतर तेरा वर्षांनी. दोघेही घरापासून तुटलेले, दोघांनीही तलवारीच्या आणि कारभाराच्या जोरावर पद मिळवलं. पण अंबर मोठा झाला तो निजामशाही मोडकळीला आली असताना. सुलतान त्याने बसवले. अल्लाहवर्दी आणि इमामकुली मोठे झाले ते सफवी सत्ता सर्वात बळकट असताना, आणि शाहाच्या मुठीत राहून. शाहाची मूठ बदलली की काय होतं, ते 1629 नंतर दिसलं.

एक हिवाळा

जानेवारी 1629 मध्ये अब्बास मेला. त्याने स्वतःच्या एका मुलाला 1615 मध्ये मारवलं होतं आणि इतरांना आंधळं केलं होतं. म्हणून नातू शाह सफी गादीवर आला. जनानखान्यात वाढलेला, संशयी आणि जीव घ्यायला मागेपुढे न पाहणारा मुलगा. गादीला आव्हान ठरेल असा कोणताही पुरुष त्याला नको होता.

इमामकुलीचा भाऊ दाऊद खान उत्तरेत गंजा आणि कराबागचा सुभेदार होता, जॉर्जियाच्या अगदी वेशीवर. 1632 मध्ये त्याने तेइमुराझशी हातमिळवणी करून बंड केलं. शिराजमध्ये राणी मेली तो काळ जेमतेम आठ वर्षांपूर्वीचा, आणि आता त्याच घराण्याचा एक भाऊ त्याच राणीच्या मुलाच्या बाजूला उभा होता.

त्यातून आणखी एक वावडी उठली : इमामकुलीचा एक मुलगा प्रत्यक्षात शाह अब्बासचा आहे. अब्बासने आपल्या जनानखान्यातली एक गरोदर स्त्री इमामकुलीला दिली होती, असं लोक म्हणत. शाहाने आपल्या जनानखान्यातली स्त्री मर्जीतल्या सरदाराला देणं हा बहुमानच असे, त्यामुळे वावडी अशक्य वाटत नव्हती. खरी असो वा खोटी, बंडवाल्यांच्या हाती ती पडली म्हणजे सफीसमोर गादीचा वारस उभा राहिला. आणि त्या वारसाच्या मागे फार्सची फौज, आखाताची जकात आणि सदतीस वर्षं एकाच घराण्यात मुरलेली सुभेदारी. ‘मागे कोणी नाही’ म्हणून नेमलेल्या गुलामाच्या मागे आता बरंच काही होतं.

इमामकुलीने बंड केलं नाही. शाहाने काझवीनला बोलावलं, तसा गेला. 1632-33 च्या त्या हिवाळ्यात त्याला मुलांसह मारलं. दाऊद जॉर्जियात पळाला. बंड मोडायला सफीने पाठवलेला सेनापतीही जॉर्जियनच होता. खुस्रव मिर्झा, गुलामांच्या फौजेचा प्रमुख, कार्तलीच्या राजघराण्यातला. त्याने तेइमुराझला हुसकावलं, आणि बक्षीस म्हणून 1633 मध्ये रुस्तम या नावाने कार्तलीची गादी मिळवली.

फार्सला मात्र सफीने पुन्हा सुभेदार नेमला नाही. प्रांत खासा केला, वजीर बसवला, आणि शिराजचा वसूल थेट शाहाच्या खजिन्यात जाऊ लागला. खानाची फौज उरली नाही.